पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती नोंदवही द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : पदवीच्या विद्यार्थ्यांना कोल्हापुरातच संशोधनाची संधी मिळण्याबाबत

महोदय,

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी आमच्या गल्लीतील एक मुलगी गेल्या महिन्यात आपली पर्यावरण विषयाची प्रकल्पवही घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि मी रसायनशास्त्र शिकवत होतो हे तिला ठाऊक असल्यामुळे वहीतील तक्ते समजावून द्यावेत एवढीच तिची अपेक्षा होती. वहीवर ‘रंकाळा तलावातील जलप्रदूषण’ असे ठसठशीत छापलेले होते. आत विरघळलेल्या प्राणवायूचे, पाण्याच्या कठीणपणाचे, आम्लतेचे व्यवस्थित रकाने होते आणि चौदाव्या पानावर मात्र एका वाक्यात ‘हुसेन सागर’ हे हैदराबादच्या तलावाचे नाव तसेच राहून गेले होते. वही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून दीडशे रुपयांना आणलेली होती. आमची गल्ली रंकाळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी विचारले, “बाळ, रंकाळ्यावर कधी गेली होतीस का?” ती म्हणाली, “रोज संध्याकाळी जातोय की काका, फिरायला.” मी म्हणालो, “मग बाटलीभर पाणी का नाही आणलंस?” त्यावर तिने मलाच विचारले, “पाणी आणायचं असतंय होय?”

तिने तो प्रश्न अगदी मनापासून विचारला होता, आणि म्हणूनच मी हे पत्र लिहीत आहे. प्रकल्प म्हणजे काहीतरी शोधायचे असते हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा झाला त्याला आता दोन दशके उलटून गेली. त्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन, पाहून, मोजून लिहावे अशी अपेक्षा होती. तिची जागा आज तयार वह्यांनी घेतली आहे, आणि याचा दोष मी मुलांना देणार नाही. एका शिक्षकाकडे शंभर-सव्वाशे वह्या येतात, तो शिक्षक पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो, सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात धावणारा असतो, आणि त्याला मार्चअखेर गुण भरून द्यायचे असतात. मीही एकतीस वर्षे या जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकवले आहे आणि न वाचता सही केलेल्या वह्यांत माझ्याही सह्या आहेत, हे मला इथे नमूद केले पाहिजे.

तरीही पदवीच्या विद्यार्थ्याला खरे संशोधन जमत नाही, ही समजूत मी मान्य करू शकत नाही, कारण ते जमताना मी डोळ्यांनी पाहिले आहे.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एका गुळव्याची मुलगी होती. हंगामात वडील गावोगावच्या गुऱ्हाळांवर गूळ उतरवून द्यायला जात. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगतो, की काईलीत उसाचा रस उकळू लागला की त्यात चुन्याची निवळी आणि भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्यामुळे रसातील मळी वर येते, ती झाऱ्याने काढली की रस स्वच्छ होतो, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या डोळ्याने आणि बोटाने ओळखतो. पण बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव जास्त, म्हणून पुष्कळ ठिकाणी रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घातले जाते. त्याने रंग उजळतो, पण गंधकाचा अंश गुळात राहतो आणि काही महिन्यांत तो उजळपणाही उतरतो. या मुलीने तास संपल्यावर मला विचारले, “सर, भेंडी जास्त घातली तर हायड्रॉस कमी लागंल का?” तिच्या वडिलांचे म्हणणे होते की लागते कमी, आणि गुऱ्हाळमालकाचे म्हणणे होते की काही फरक पडत नाही.

आमच्याकडे आयोडीनचे द्रावण होते, स्टार्च होते, ब्युरेट होती आणि एक जुना कलरीमीटर होता. याहून अधिक काही लागत नव्हते. तिने तीन गुऱ्हाळांवरून गूळ आणला आणि आम्ही गंधकाचा अंश मोजायला सुरुवात केली. पहिले तीन आठवडे सारे आकडे एकमेकांशी भांडत होते. गुळाच्या तांबूस द्रावणात निळा रंग नेमका कधी उमटला हे ठरवता येत नव्हते, म्हणून ती द्रावण अधिकाधिक पातळ करून पाहत होती. पण खरी अडचण दुसरीच निघाली. एकाच ढेपेतला गूळ सोमवारी तपासला तर एक आकडा येई आणि पुढच्या सोमवारी तपासला तर त्याहून बराच कमी. नमुने ती साध्या पिशवीत आणून कपाटात ठेवत होती आणि मधल्या काळात हवेने सल्फाइटचा अंश घटत होता. हे तिला पुस्तकातून कळले नाही. आपल्याच वहीत मागे जाऊन तारखा आणि आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर तिच्या ते ध्यानात आले. त्यानंतर ती पहाटेच्या पहिल्या एसटीने बंद डब्यात नमुना घेऊन यायची आणि प्रयोगशाळा उघडण्यापूर्वी दारात उभी असायची, कारण आदल्या रात्रीचा गूळ त्याच दिवशी तपासला गेला पाहिजे हे तिने स्वतःच ठरवून घेतले होते.

भेंडी वाढवल्याने हायड्रॉसची गरज कमी होते असे त्या कामातून सिद्ध झाले नाही. नमुने थोडे होते, तिन्ही गुऱ्हाळांचा ऊस वेगळा होता, आणि शेवटच्या पानावर तिने तसे प्रामाणिकपणे लिहिले. पण त्या दोनशेपानी वहीत खाडाखोड होती, फसलेल्या दिवसांच्या नोंदी होत्या, एका पानावर काकवीचा डाग होता, आणि त्यातील प्रत्येक आकडा तिचा होता. ती वही पाहायला तिचे वडील एकदा महाविद्यालयात आले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण कुठल्या गुऱ्हाळाचा कोणता आकडा हे त्यांनी बोट ठेवून विचारून घेतले आणि एका नोंदीबद्दल सांगितले, की त्या दिवशी ऊस दोन दिवसांचा शिळा होता. ती गोष्ट आमच्या ध्यानात आलेली नव्हती. आज ती मुलगी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या वर्गात आणखी एकोणचाळीस मुले होती. त्यांच्यापैकी कितीजणांच्या मनात असे प्रश्न होते, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

आपल्याकडे पदवीच्या मुलांसाठी संधीच नाहीत असे म्हणणेही चुकीचे ठरेल. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन पाठ्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी देशातील एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत राहून काम करतो. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि तेथे ‘नियस’ हा उपक्रम २००४ पासून खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी चालतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतो, आणि ती संस्था उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली याच कोल्हापुरात झाला होता, हे आपल्याकडच्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते. बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाच्या ८० हजार रुपयांपैकी २० हजार रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच ठेवलेले असतात. आपल्या राज्यात कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठ संशोधन महोत्सव आहे, आणि त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो.

पण यातले किती चंदगडच्या, गगनबावड्याच्या, शिराळ्याच्या मुलापर्यंत पोहोचते? तीन अकादमींच्या पाठ्यवृत्तीचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या तोंडावर मागवले जातात, म्हणजे दिवाळीची सुट्टी आणि सत्र परीक्षा यांच्या अधेमधे. एका महाविद्यालयात मी स्वतः पाहिले, की या पाठ्यवृत्तीचे परिपत्रक सूचनाफलकाच्या काचेआड लागले तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. एक मुलगा त्या काचेसमोर उभा राहून वहीत तारीख उतरवून घेत होता. मी त्याला मुदत संपल्याचे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या वर्षासाठी लिहून घेतोय सर.” तो तिसऱ्या वर्षाला होता. त्याला पुढचे वर्ष नव्हते.

अर्ज वेळेत गेला तरी शिक्षकाचे शिफारसपत्र लागते आणि आपल्याला कशावर काम करायचे आहे याचे इंग्रजीत टिपण लागते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला विषय उत्तम येत असला तरी ते टिपण लिहिताना त्याचा हात थरथरतो, आणि तिथे त्याच्या शेजारी बसणारे कोणी नसते. निवड झालीच तर पाठ्यवृत्तीचे पैसे हातात पडेपर्यंतचा प्रवासखर्च, खानावळ, अनामत रक्कम घरातून उभी करावी लागते. मुलींच्या बाबतीत दोन महिने परगावी एकटीने राहण्याचा प्रश्न आजही अनेक घरांत निघतो आणि तिथेच मिटतो. माझ्या माहितीतील दोन विद्यार्थिनींनी आलेली निवडपत्रे अशीच कपाटात ठेवली. म्हणून परगावच्या संधी कितीही चांगल्या असल्या तरी पदवीच्या विद्यार्थ्याचे पहिले संशोधन त्याच्या घरापासून एसटीच्या अंतरावर झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार ‘संशोधनासह ऑनर्स’ ही वाट पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांसाठी आहे, आणि ती उघडते चौथ्या वर्षी, १२ श्रेयांकांच्या प्रबंधापुरती. मला या क्रमाचीच भीती वाटते. तीन वर्षे तयार वह्या जमा करणाऱ्या मुलाला चौथ्या वर्षी एकदम प्रश्न कसा सुचेल? आणि ज्याला संशोधन जमले असते, पण घरचे काम सांभाळून परीक्षेत ६८ टक्केच पडले, त्याचे काय करायचे? माझी गुळव्याची मुलगी ७५ टक्क्यांच्या आतली होती. परीक्षेतील गुण आणि प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची चिकाटी या दोन गोष्टी एकाच मुलात असतातच असे नाही, हे प्रत्येक अनुभवी शिक्षक जाणतो. त्याच धोरणाने पहिल्या तीन वर्षांतही क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. खरे संशोधन तिथे सुरू व्हायला हवे, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच. तिथेही झेरॉक्सच्या दुकानातील वही पोहोचली तर मात्र चौथ्या वर्षाकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आणि कोल्हापुरात प्रश्नांची काय वाण आहे! पंचगंगेचेच घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या लहान मुलालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंतच्या गावांत त्या पाण्याच्या रेषा घरांच्या भिंतींवर उमटल्या. दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो आणि त्यातील काही रेषा कायमच्या पुसल्या जातात. भूगोलाच्या वीस मुलांनी एक उन्हाळा टेप आणि मोबाईल घेऊन त्या रेषा मोजल्या, कोणत्या वर्षाची कोणती रेषा हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नोंदवले, तर त्या गावांना पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडेल असा नकाशा तयार होईल. याला महागडे उपकरण लागत नाही, परदेशी नियतकालिक लागत नाही. मोजमाप कसे करायचे, चूक कशी ओळखायची आणि ऐकीव माहिती वेगळी कशी नोंदवायची हे शिकवणारा एक शिक्षक मात्र लागतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी तर हे शहर म्हणजे न उघडलेली पेटी आहे. १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे उत्खनन केले. पंचगंगेच्या काठच्या त्या टेकाडाने रोमशी असलेल्या व्यापारसंबंधांचा पुरावा दिला, आणि तिथे सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती आजही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. बी. ए. इतिहासाची किती मुले त्या मूर्तीसमोर कधी अर्धा तास थांबली असतील? करवीर संस्थानची मोडी कागदपत्रे पुरालेखागारात आहेत. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर शहराच्या मध्यभागी आहे. मोडी शिकायला एक उन्हाळा पुरतो, आणि ती शिकलेला विद्यार्थी शाहू महाराजांच्या काळातील एखाद्या गावचा एखादा खटला, एखादी पाणीवाटपाची तक्रार स्वतः वाचून काढू शकतो. संशोधन हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पांढरा कोट डोळ्यांसमोर येतो आणि कला व वाणिज्य शाखेच्या मुलांना वाटते की हे आपल्यासाठी नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागांचा हिशेब, हुपरीच्या चांदी कारागिरांची मजुरी, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या किमतीतील कारागिराचा वाटा हे सारे वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावेत असेच प्रश्न आहेत.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले ते याच दक्षिण महाराष्ट्राच्या मुलांसाठी. विद्यापीठात आज काय काय चालते याची संलग्न महाविद्यालयांतील पदवीच्या मुलांना फारशी कल्पना नसते. वनस्पतीशास्त्र विभागाने कंदीलपुष्पासारख्या सह्याद्रीतील दुर्मिळ वनस्पतींवर वर्षानुवर्षे काम केले आहे. कापडधंद्याच्या रंगीत सांडपाण्यावर जीवाणूंच्या साहाय्याने उपाय शोधण्याचे काम इथे झाले आहे. पातळ थरांच्या पदार्थविज्ञानात इथल्या प्रयोगशाळांचे नाव आहे, आणि वरच्या वातावरणातील वारे मोजणारे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार विद्यापीठाच्या आवारात उभे आहे. या कामांत धुणे-पुसणे, मोजणे, नोंदवणे, मोजमापे पुन्हा तपासणे अशी शेकडो तासांची कामे असतात. ती बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी एकट्याने ओढतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा हुशार आणि कष्टाळू मुलगा आठवड्याला सहा तास त्यांच्या हाताखाली बसला तर दोघांचाही फायदा आहे.

यासाठी नवी योजना काढा असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या मातीत त्याची सोय शंभर वर्षांपूर्वीच झाली आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. घरी खायला नाही म्हणून शिकायचे राहू नये हाच त्यामागचा विचार होता. अशाच एका बोर्डिंगात राहून शिकलेल्या, कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ ही गोष्ट महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली. शिवाजी विद्यापीठातही कमवा व शिका योजना चालते, मुले कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत तासांवर काम करतात आणि आपला खर्च भागवतात. माझी विनंती एवढीच आहे, की त्या तासांत प्रयोगशाळेतील, पुरालेखागारातील आणि सर्वेक्षणातील काम मोजले जावे, आणि ही सोय विद्यापीठाच्या आवाराबाहेर, संलग्न महाविद्यालयांतील मुलांनाही मिळावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारा उपक्रम सुरू केला, आणि तेथे विद्यार्थ्याला त्या कामाचे श्रेयांक तरी मिळतात किंवा मोबदला तरी. आपल्याकडे मोबदल्याचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. ज्याला दुपारी पेट्रोल पंपावर किंवा मेडिकलच्या दुकानात उभे राहावे लागते, त्याला बिनपगारी संशोधनाची संधी देणे म्हणजे ती न दिल्यासारखेच आहे.

ग्रंथालयाबाबतही एक छोटी मागणी आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या केंद्राच्या योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो शोधनियतकालिके वाचायला खुली झाली आहेत. खासगी अनुदानित महाविद्यालयांत शिकणारी आपल्या भागातील बहुसंख्य मुले या सोयीपासून दूर राहतात. त्यांना शनिवार-रविवारी तरी विद्यापीठाच्या खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात बसून वाचता यावे आणि त्यासाठी महाविद्यालयाचे ओळखपत्र पुरेसे मानले जावे.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे, कारण ती माझीही होती. पदवीच्या मुलाला घेऊन प्रयोगशाळेत घालवलेली संध्याकाळ कुठल्याही कार्यभारात धरली जात नाही, आणि पदोन्नतीच्या वेळी शिक्षकाने स्वतः काय छापले तेवढेच मोजले जाते. पाच विद्यार्थ्यांना वर्षभर मार्गदर्शन केले तर आठवड्याचे दोन तास कार्यभारात धरा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्याचे मानधन द्या, मग पुढे येणारे शिक्षक कमी पडणार नाहीत. पण याच्या जोडीला मी एक धोकाही सांगून ठेवतो. संशोधन म्हटले की लगेच शोधनिबंध मागण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्याचीच वाट पाहत असतात. पदवीच्या विद्यार्थ्याकडून शोधनिबंध मागू नका, भित्तिपत्रकही मागू नका. त्याची नोंदवही मागा, तारीख घातलेली, हाताने लिहिलेली, चुकलेल्या मोजमापांसकट. तोंडी परीक्षेत त्या वहीतील कुठलेही एक पान उघडून विचारा, की या दिवशी काय झाले. विकत घेतलेल्या वहीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ‘आविष्कार’ मध्येही मुलांच्या तक्त्यांइतकेच त्यांच्या नोंदवह्या पाहिल्या जाव्यात, असे परीक्षक म्हणून काम करणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी सुचवतो.

विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या अधिकार मंडळांवरील मंडळींनी या पत्राची दखल घ्यावी, आणि येत्या सत्रात निदान एका तालुक्यात, चार-पाच महाविद्यालयांपुरता का होईना, कमवा व शिका योजनेत संशोधनाचे तास धरण्याचा प्रयोग करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक या शहरात पुष्कळ आहेत. कोणत्याही महाविद्यालयाने बोलावले तर आठवड्यातून दोन सकाळी विनामूल्य येऊन मुलांबरोबर बसायला मी तयार आहे.

आमच्या गल्लीतील ती मुलगी गेल्या रविवारी माझ्याबरोबर रंकाळ्यावर आली होती. तीन ठिकाणचे पाणी आम्ही तीन बाटल्यांत भरले आणि प्रत्येक बाटलीवर तिने जागा, तारीख आणि वेळ लिहिली. तिची परीक्षा केव्हाच संपली आहे. पुढच्या रविवारी याच तीन ठिकाणी पुन्हा यायचे, असे तिने नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
कोल्हापूर